इंटरनेट सध्या बाहेर आहे

खांबेवाडीच्या उल्हासतीर सार्वजनिक वाचनालयात एक संगणक आहे. त्याच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईची एक लंबगोल खूण दिसते. तिची लांबी अंगठ्याच्या पेराएवढी असेल. कडेने वाचनालयाचे नाव आहे, मध्ये स्थापनेचे साल. डावीकडची शाई गडद आणि उजवीकडची फिकट आहे, म्हणजे शिक्का मारणाऱ्याचा हात उजवीकडे किंचित उचलला गेला असावा. काच शाई शोषत नाही, त्यामुळे नावातले एक अक्षर ओघळून खालच्या रेषेला टेकले आहे. स्पिरिटच्या बोळ्याने खूण सहज निघेल. पण वाचनालयाचा शिक्का पुसणाऱ्याचे सभासदत्व रद्द होते, असा नियम आहे. त्यामुळे हा प्रयोग आजवर कोणी केलेला नाही.

शिक्का ग्रंथपाल जगदीश भोईर यांनी मारला. चुकून नाही, रागाने तर नाहीच. पद्धतीप्रमाणे मारला.

वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक आधी दाखल नोंदवहीत चढते. त्याला क्रमांक मिळतो. लेखक, प्रकाशक, पृष्ठे, प्रती असे रकाने भरले जातात आणि मग दोन शिक्के बसतात. एक पहिल्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा गुप्त पानावर. प्रत्येक वाचनालयाचे गुप्त पान ठरलेले असते, खांबेवाडीचे पंचविसावे. चोराने पहिले पान फाडले तरी पंचविसाव्या पानावरून पुस्तक कोणाचे ते कळते. या व्यवस्थेमुळे जगदीशभाऊंच्या कारकिर्दीत एकही पुस्तक हरवले नव्हते. तपासणीला येणारे अधिकारी दर वर्षी तसा शेरा देऊन जात. पुस्तके वाचली जातात का, हा रकाना तपासणीच्या नमुन्यात नव्हता.

अशा वाचनालयाला सरकारी योजनेतून संगणक आणि इंटरनेट मिळाले. सोबतच्या पत्रात एकच वाक्य होते: ‘वाचकांना इंटरनेट उपलब्ध करून देण्यात यावे.’ जगदीशभाऊंनी ते उभ्याने एकदा आणि बसून एकदा वाचले. वाचकांना जे उपलब्ध करून दिले जाते, ते वाचनसाहित्य. वाचनसाहित्य दाखल केल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे इंटरनेट आधी दाखल करणे आले. यात चूक कुठे आहे ते दाखवा, असे ते आजही म्हणतात, आणि अजून ती कोणाला दाखवता आलेली नाही.

जोडणी करायला दहिवलीहून ऋतिक नावाचा तरुण तंत्रज्ञ आला होता. तो भिंतीला खिळे ठोकत असताना भाऊ नोंदवही उघडून शेजारी बसले.

“लेखक कोण लिहू?”

“कशाचा?”

“इंटरनेटचा.”

ऋतिकने हातोडी खाली घेतली. “काका, सगळेच लिवतात त्याच्यावर.”

“लेखक, अनेक,” असे पुटपुटत भाऊंनी रकाना भरला. “पानं किती?”

“नाय मोजता येत. रोज वाढतात.”

“म्हणजे अजून पूर्ण झालेलं नाही?”

“नाय.”

‘पृष्ठे: अपूर्ण प्रत,’ असे भाऊंनी लिहिले. अपुरे साहित्य वाचनालयाच्या गळ्यात मारल्याबद्दल त्यांना थोडे वाईटही वाटले. “आणि प्रती?”

“एकच कनेक्शन हाय ना. एकच लिवा.”

‘प्रती: एक.’ पुढे जे झाले ते सगळे या एका आकड्यावर उभे आहे.

“आता पंचविसावं पान काढ,” भाऊ म्हणाले.

ऋतिकला त्या दिवशी पळसदरीच्या दोन फार्महाऊसवर जायचे होते. त्याने वाद घातला नाही. तो एकामागून एक पाने उघडत गेला आणि पंचविसाव्यावर थांबला. ती एक जाहिरात होती. ‘डोंगराच्या कुशीत तुमचे दुसरे घर.’ चित्रातला डोंगर खांबेवाडीचाच होता. फक्त पायथ्याचे गाव आणि उतारावरची ठाकरवाडी चित्रातून काढून टाकून तिथे हिरवळ पसरली होती. भाऊंनी शिक्का शाईत दाबला, फुंकर मारली आणि हिरवळीवर उमटवला. ऋतिकने पुढचे पान काढले तेव्हा पान गेले, शिक्का राहिला. तेव्हापासून जगातल्या इंटरनेटचे प्रत्येक पान, निदान त्या पडद्यापुरते, उल्हासतीर सार्वजनिक वाचनालयाच्या मालकीचे आहे.

नियमावली करण्याचे काम अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष योगेंद्रराव बडेकर रसायनीच्या एका कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या विभागात कधीही अपघात झाला नव्हता, कारण त्यांच्या विभागात काहीच होऊ दिले जात नसे. त्यांनी आणि जगदीशभाऊंनी मिळून ‘इंटरनेट वापरणाऱ्या वाचकांच्या जबाबदाऱ्या’ तयार केल्या आणि त्यांचा फलक दारासमोर लावला. पाने दुमडू नयेत, मजकुराखाली रेघा मारू नयेत, बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, हा भाग भाऊंचा. एक जण वापरत असताना दुसऱ्याने तीन हात अंतरावर उभे राहून लक्ष ठेवावे परंतु पडद्याकडे पाहू नये, आणि गळतीचा संशय आल्यास नाकाला ओला रुमाल लावून वाऱ्याला आडवे चालत मैदानात जमावे, हा अध्यक्षांचा. काय शोधायचे ते आधी चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि चिठ्ठीवर नसलेले काही सापडल्यास ते वाचू नये, यावर दोघांचे एकमत होते. शेवटचा नियम ठळक अक्षरांत होता: ‘ज्याच्या नावावर इंटरनेट दिले असेल, त्यानेच वापरावे व स्वतःचीच माहिती भरावी.’

उद्घाटन हरेशशेठ यांच्या हस्ते झाले. ते कार्यकारिणीचे सदस्य. जमिनी घेणे आणि प्लॉट पाडून विकणे हा त्यांचा व्यवसाय. संगणकाखालचे टेबल त्यांनीच दिले होते, तसे टेबलावर लिहिलेही आहे. फीत कापून झाली. नारळ फुटला. मग फोटोवाला म्हणाला, “शेठ, नुसते उभे नका राहू. कायतरी करताना दाखवा.” जगदीशभाऊंनी चटकन देवघेवीचे रजिस्टर पुढे केले. शेठनी झोकात सही केली, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि टाळ्यांच्या गजरात ते गाडीत बसून खोपोलीकडे गेले. फोटो छान आला.

दुसऱ्या दिवशी जया आली.

जया पादीर वरच्या ठाकरवाडीची. पाचवीपासूनची सभासद. बालविभाग संपवून ती मोठ्यांच्या विज्ञानाच्या कपाटाकडे वळली तेव्हा त्या कपाटाची बिजागरी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा वाजली होती. इंटरनेट आले त्या वर्षी ती बारावी विज्ञान शाखेतून पास झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशाचा अर्ज इंटरनेटवरच भरायचा होता. वाडीत पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि घरात फोन एकच, बटणांचा. कर्जतच्या दुकानात ती एकदा जाऊन आली. दिवसभर साइट उघडली नाही. उघडली तेव्हा तिच्यापुढे दहा जण होते आणि परतीचा शेवटचा टेंपो सुटत होता. त्यामुळे गावाच्या वाचनालयात फुकट इंटरनेट आले, ही बातमी वाडीत सर्वांत आधी तिने ऐकली.

तिने आधी फलक वाचला. सगळा. मग चिठ्ठी लिहिली आणि कार्डासह पुढे ठेवली.

“भाऊ, नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. नेट पायजे होतं.”

जगदीशभाऊंनी चिठ्ठी पाहिली. ‘शोधायचे: नर्सिंग प्रवेश अर्ज. अन्य काहीही वाचणार नाही.’ इतकी नेमकी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर कधी आली नव्हती. त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी रजिस्टर उघडले, बोट ओळीवरून खाली नेले, आणि चेहरा पुन्हा मिटला.

“इंटरनेट बाहेर आहे.”

“बाहेर म्हंजे?”

“काल हरेशशेठनी नेलं.”

जयाने संगणकाकडे पाहिले. “ते तर इथंच हाय. लाइट लागलाय की.”

“तो संगणक. तो फर्निचरमध्ये येतो. इंटरनेट शेठच्या नावावर आहे.”

“मग परत कधी आणणार?”

“सभासदाला सात दिवस. कार्यकारिणी सदस्याला...” भाऊ घुटमळले. “सदस्यांना आपण विचारत नाही.”

“बरं. मग त्यांच्यामागं माझं नाव लावा.”

भाऊंनी ‘राखीव’ या रकान्यात तिचे नाव लिहिले. अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी तिच्या नावापुढे दुसऱ्या कोणाला नंबर दिला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

वाचनकक्षात तेव्हा नेहमीची माणसे होती. पेन्शनवाले दोघे-तिघे, नोकरीच्या जाहिराती बघणारा एखादा, आणि पंख्याखालच्या खुर्चीवर गोदाताई. गोदाताईंची भातगिरणी रस्त्यापलीकडेच. गिरणीला सुटी असली की त्या वर्तमानपत्र वाचायला येत. म्हणजे वर्तमानपत्र समोर उघडून त्याच्या आडोशाला फोनवर पाककृती पाहत. प्रत्येकाच्या हातात किंवा खिशात तसा फोन होताच. जगदीशभाऊंची त्याला हरकत नव्हती. ते वाचकांचे खाजगी साहित्य, त्यावर वाचनालयाचा शिक्का नव्हता. गोदाताईंच्या वर्तमानपत्रामागून फोडणीचा आवाज फार मोठा झाला, तरच ते टेबलावर पट्टी आपटत.

जयाची केस या मंडळींना आवडली. ती रोज उतारावरून चालत यायची, भाऊंसमोर उभी राहायची, नकार ऐकायची आणि विज्ञानाच्या कपाटाशी जाऊन बसायची.

“आलं का गं परत?” वर्तमानपत्र खाली घेत गोदाताई विचारायच्या.

“नाय अजून.”

“येईल, येईल. शेठ माणूस चांगला हाय.”

आणि सगळ्या माना आपापल्या फोनकडे वळायच्या. एक पेन्शनर तर नर्सिंगचा अर्ज अजून सुरू आहे का, शेवटची तारीख कोणती, हे रोज स्वतःच्या फोनवर पाहून तिला आस्थेने सांगायचे. “अजून वेळ आहे हं, पोरी. साइटपण मस्त चालतीय आज.” एकदा जयाची नजर गोदाताईंच्या फोनवर नुसतीच रेंगाळली. गोदाताईंनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि वर्तमानपत्राचे पान उलटले. जयानेही मागितला नाही. “कुणापुढं हात पसरायचा नाय. सभासद हायस तू, तुझा हक्क हाय,” असे तिला तिच्या बापाने सांगितले होते.

पुढे काय होते ते बघायला गावातले आणखी लोक यायला लागले. खुर्च्या कमी पडल्या. भाऊंनी मासिक अहवालात लिहिले, ‘इंटरनेट सुविधेमुळे वाचकसंख्येत लक्षणीय वाढ.’ हे वाक्य खोटे नव्हते.

एके दिवशी बाप, धाऊ पादीर, स्वतः खाली आला. दारात चपला काढून त्याने विचारले, “भाऊ, शेठनं नेलं, ते परत येईल ना?”

“नियमाप्रमाणे यायला हवं.”

“नाय, मी आपलं इचारलं. शेठनं नेलेलं परत आल्याचं आमी नाय बगितलं कदी. वाडीखालचा माळ नेला, तो अजून बाहेरच हाय.”

“त्याची नोंद आमच्याकडे नाही,” जगदीशभाऊ गंभीरपणे म्हणाले.

वाचनकक्षात खसखस पिकली. धाऊही हसला. अर्जाची मुदत मात्र हसत नव्हती. ती संपत आली होती.

शेवटी भाऊंनी कारकिर्दीत कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी कार्यकारिणी सदस्याला फोन करून साहित्य परत मागितले. हरेशशेठ लगेच आले. त्यांना वाटले फोटो फ्रेम होऊन आला असेल.

“मी नेलं? इंटरनेट? जगदीशभाऊ, उन्हात हिंडलात काय? माझ्या घरी माझं वेगळं इंटरनेट आहे.”

“तेच म्हणतो, शेठ. आमचं कोणतं आणि तुमचं कोणतं, हे घरी गेल्यावर मिसळू शकतं. पंचविसावं पान काढून बघा. शिक्का असेल तर आमचं.”

“अहो, ती सही फोटोसाठी होती!”

“रजिस्टरला ते कळत नाही.”

शेठनी आजूबाजूला पाहिले. वाचनकक्ष तुडुंब होता. निवडणुका फार लांब नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले. “बरं बाबा. दिलं परत. सर्वांसमक्ष दिलं. झालं?”

जयाने पिशवीतून कागदांची फाइल काढली. पण भाऊ चष्मा पुसत होते.

“तपासून घ्यावं लागेल. नेलंत तेव्हा प्रत अपूर्ण होती. रोज पानं वाढतात, म्हणजे आता ती जास्त अपूर्ण असणार. पानं गहाळ झाली तर दंड आहे, शेठ. वाढली तर काय करायचं, याची तरतूदच नाही. वाढीव पानं दाखल केल्याशिवाय मी घेणार कसा?”

भाऊंचे म्हणणे ऐकायला चमत्कारिक होते, पण त्यात बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.

“एक करा ना, शेठ,” जया म्हणाली. “तुमच्या नावावर हाय तर तुमीच बसा. मी सांगते, तुमी टाइप करा.”

शेठना कल्पना पसंत पडली. आदिवासी मुलीच्या शिक्षणाला मदत, त्याचाही फोटो निघाला असता. ते खुर्चीवर बसले. धाऊला तीन हात अंतरावर भिंतीकडे तोंड करून उभे करण्यात आले. अर्जाचे पान खरोखरच उघडले आणि वाचनकक्षातून ‘आलं, आलं!’ असा आवाज उठला.

“नाव,” शेठ म्हणाले. “सांग, जया...”

“शेठ,” मागून भाऊ. “शेवटचा नियम. माहिती स्वतःचीच.”

“म्हणजे?”

“ज्याच्या नावावर इंटरनेट, त्याचीच माहिती.”

“मी नर्स होऊ काय?”

“तो प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही.”

शेठनी मागे वळून पाहिले. इतकी माणसे जमली होती की उठणेही शोभले नसते. त्यांनी एका बोटाने स्वतःचे नाव भरले. बारावीच्या गुणांपाशी ते बराच वेळ थांबले आणि मग पडद्याशी अगदी वाकून, कोणाला दिसणार नाही असे काहीतरी त्यांनी भरले. जन्मतारीख टाकल्याबरोबर लाल अक्षरे आली: ‘आपण या अभ्यासक्रमासाठी अपात्र आहात.’

“राहू द्या, शेठ,” गोदाताई म्हणाल्या. “तुमी सुई टोचायला आला असता, तर पेशंट पळून गेला असता. म्हणला असता, ह्यो इंजेक्शनच्या बदल्यात सातबारा मागंल.”

हशा झाला. शेठ लाल झाले. त्यांना आजवर कोणी तोंडावर अपात्र म्हटले नव्हते, आणि इथे तर लेखी म्हटले होते. “परीक्षा घेतली नाही, मुलाखत नाही, सरळ अपात्र! हे इंटरनेट सदोष आहे. मी नाही परत करत. सभा बोलवा. काय ते सभेत होऊ द्या.”

अशा रीतीने विषय कार्यकारिणीकडे गेला.

पहिल्या सभेत योगेंद्ररावांनी मूळ प्रश्न मांडला, आणि तो बिनतोड होता. इंटरनेट हे देवघेवीचे साहित्य आहे की संदर्भसाहित्य? देवघेवीचे असेल तर ते नेणे, परत आणणे, तपासणे हे सगळे आले. संदर्भसाहित्य असेल, शब्दकोशासारखे, तर ते कोणाच्या नावावर देताच येत नाही. वाचनालयात बसून कोणीही पाहावे. म्हणजे हरेशशेठच्या नावावरची नोंदच मुळात रद्द. हे ऐकून दाराशी उभ्या असलेल्या जयाचे डोळे चमकले.

“मग ठरवा ना तसं,” ती म्हणाली.

“घाईत घेतलेला निर्णय आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, दोन्ही सारखेच,” अध्यक्ष म्हणाले. “सदर बाब विचाराधीन ठेवू.”

दुसऱ्या सभेला एका सदस्याच्या पुतणीची हळद आडवी आली आणि गणसंख्या भरली नाही. तिसरी सभा अर्जाच्या शेवटच्या दिवशी लागली. मुद्दाम तशी लावली नव्हती. फक्त त्या दिवशी सगळे मोकळे होते.

सभा वाचनकक्षातच भरली. कार्यकारिणी लांब टेबलाभोवती, वाचक भिंतींच्या कडेने. कोणी तरी येताना भजी आणली होती. जया फाइल छातीशी धरून विज्ञानाच्या कपाटाला टेकून उभी. अर्ज संध्याकाळी बंद होणार होता. ही माहितीही तिला पेन्शनरकाकांनी फोनवर बघून दिली होती.

मागील सभेचा वृत्तान्त वाचला गेला. मागील सभा झालीच नव्हती, त्यामुळे त्याआधीच्या सभेचा वाचला गेला. मग चर्चा सुरू झाली. हरेशशेठ म्हणाले, आपण इंटरनेटवर सकाळी भजने ऐकतो, म्हणून ते धार्मिक विभागात जावे. दुसरे सदस्य म्हणाले, आमचा मुलगा त्यावर काय बघतो ते पाहता ते कोणत्याच विभागात ठेवण्यासारखे नाही. योगेंद्ररावांनी विचारले, इतर वाचनालयांनी काय केले आहे? सगळ्या सदस्यांनी फोन काढले आणि शोधायला लागले. एकाला कोल्हापूरच्या वाचनालयाची बातमी सापडली, एकाला क्रिकेटचा स्कोअर. स्कोअरवर बराच वेळ गेला.

“साहेब,” जया म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “आज नाय भरला तर वर्ष जाईल. पुढल्या वर्षी बाबा मला बसवून नाय ठेवणार. वीटभट्टीवर नेईल.”

धाऊने मान खाली घातली. खोटे असते तर त्याने नाही म्हटले असते.

योगेंद्रराव उठून उभे राहिले. नोकरीत त्यांना उभे राहून निर्णय देण्याची वेळ आली नव्हती. ते म्हणाले, “सर्व बाबींचा साधकबाधक विचार करून ही सभा असा निर्णय घेते की, इंटरनेट हे संदर्भसाहित्य मानण्यात यावे. ते कोणाच्याही नावावर देऊ नये. हरेशशेठ यांच्या नावावरील नोंद रद्द. वाचनालयाच्या वेळेत कोणीही वाचक ते वापरू शकेल.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेन्शनरकाकांनी डोळे पुसले. जया पुढे निघाली.

पण जगदीशभाऊ तिच्या आधी निघाले होते. निर्णयाची अंमलबजावणी तत्काळ करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. त्यांनी भिंतीवरची इंटरनेटची पेटी सोडवली, वायर हलकेच गुंडाळली, पेटी दोन्ही हातांत धरून संदर्भविभागाच्या काचेच्या कपाटापर्यंत नेली, शब्दकोशाच्या दोन खंडांमध्ये नीट बसवली, आणि कपाटाला कुलूप लावले. संदर्भविभाग कुलपातच असतो.

पेटीवरचा दिवा वायर काढतानाच विझला होता.

“आता सुरक्षित आहे,” भाऊ म्हणाले. “संदर्भसाहित्य आता कधीच बाहेर जाणार नाही.”

“अहो, पण कपाटात वीज कुठाय?” कोणीतरी विचारले.

भाऊंनी काचेतून पाहिले. ते प्रामाणिक माणूस होते. “नाही,” ते म्हणाले. “शब्दकोशाला कधी लागली नाही.”

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष खाली बसले होते. “कपाटात विजेची जोडणी,” त्यांनी टिपणवहीत लिहिले, “पुढील सभेचा विषय क्रमांक एक.”

जयाने फाइल पिशवीत घातली. धाऊ चपला शोधू लागला. भजी संपली होती. खुर्च्या सरकल्या. एवढे दिवस रंगलेल्या गोष्टीचा असा शेवट व्हावा याची चुटपुट प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती. खेळ फुकटात पाहून झाल्यावरही ती लागते.

आता गोदाताईंविषयी. त्यांनी यानंतर जे केले, ते त्यांना आज सुचले नव्हते. पहिल्याच दिवशी सुचले होते. पेन्शनरकाकांना सुचले होते, नोकरीच्या जाहिराती बघणाऱ्याला सुचले होते, कार्यकारिणीत निदान दोघांना सुचले होते. प्रत्येकाला वाटले, हा वाचनालयाचा प्रश्न आहे, त्याचा निर्णय समितीने घ्यावा. मध्ये आपण कशाला पडा. शिवाय इंटरनेट परत येते की नाही, हे शेवटपर्यंत बघायचे होते. तुम्हालाही हे बऱ्याच आधी सुचले असेल. पण तुम्हीही पुढे वाचत राहिलात, कारण मजा येत होती.

गोदाताईंनी वर्तमानपत्राची घडी केली. शेजारची खुर्ची पायाने ओढून घेतली. उंबऱ्यात पोचलेल्या जयाला हाक मारताना त्यांचा आवाज गिरणी चालू असल्यासारखा मोठा लागला.

“जया, माघारी ये गं. बस इथं. माझ्या फोनवरनं भर तुझा फॉर्म.”